चुकांची वही: वाचन-लेखनात अडणारं मूल ओळखायचं कसं आणि शिकवायचं कसं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी २३ वर्षं शिकवते आहे. वर्ग चार, शिक्षिका दोघी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. ज्यांच्या शाळा अशाच आहेत आणि जिथे विशेष शिक्षक रोज येऊ शकत नाही, त्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. पालकांनी वाचलं तर फारच चांगलं.

आधी दुसरीतल्या एका मुलाबद्दल सांगते. त्याला इथे सोमू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. चतुर्थीत हा घुमट, म्हणजे आमच्याकडचं मडक्याचं वाद्य, असा वाजवायचा की वाड्यावरची मोठी माणसं बघत राहायची. सगळ्या आरत्या तोंडपाठ. वर्गात 'धडा वाच' म्हटलं की बोट फिरवत घडाघडा म्हणायचा. दोन महिने मी त्याच्यावर खूश होते. एक दिवस खिडकीतून वारा आला आणि त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं. समोर पुढचा धडा आला तरी सोमूच्या तोंडात मागचाच धडा चालू होता. मी जवळ जाऊन बसले आणि ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता 'पाऊस'. त्याने शब्दाकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग माझ्या तोंडाकडे. आणि हळूच म्हणाला, 'छत्री'. चित्रात छत्री होती.

ज्याला दोन महिने धडे पाठ करून ठेवता येतात, त्या मुलाची बुद्धी कमी कशी असेल? बुद्धी ठीक, डोळे-कान ठीक, शाळेत नियमित येणं, कुणीतरी नीट शिकवलेलंही, आणि तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही, याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडलं की डिस्लेक्सिया, लिहिण्यात डिस्ग्राफिया, आकड्यांत डिस्कॅल्क्युलिया. एकाच मुलात दोन-तीन एकत्रही असतात. मूल आळशी नसतं, आणि घरच्यांनी लाड केले म्हणूनही हे होत नाही.

हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माहीत नव्हतं. तेव्हाच्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मी 'लक्ष देत नाही, अभ्यास टाळते' असा शेरा लिहिला होता. तिच्या वडिलांनी तो वाचला आणि घरी तिला मार बसला. आठवीनंतर ती शाळेत गेली नाही. आज मला खात्रीने वाटतं की ती लक्ष देत होती, वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त देत होती.

सोमूनंतर मी एक वही सुरू केली. साधी शंभर पानी वही, प्रत्येक मुलाला दोन पानं. त्यात 'शुद्धलेखन खराब' असं काही लिहायचं नाही. मुलाने जे लिहिलं किंवा वाचलं ते जसंच्या तसं उतरवायचं, शेजारी तारीख टाकायची. सोमूच्या पानावर पहिल्या महिन्यात हे आलं: कमळ – मकळ, घर – धर, भाकरी – माकरी, दिवा – दवि, थवा – यवा. चुका मोजत बसू नका, त्यांची जात ओळखा. सहा ते आठ आठवडे वही भरली की जात आपोआप दिसायला लागते.

आता कोणती चूक धरायची आणि कोणती सोडायची, हे सांगते, कारण गोव्यात इथेच सगळा गोंधळ होतो. आपली बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. मूल 'शाळेंत' लिहितं, 'मला' ऐवजी 'मका' म्हणतं. ती घरची भाषा आहे, दोष नाही. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबातलं मूल 'भात'ला 'बात' आणि 'घर'ला 'गर' लिहीत असेल तर आधी त्याच्या तोंडून तो शब्द ऐका. ते बोलतंच तसं असेल तर लिहितंही तसंच. ह्रस्व-दीर्घाच्या चुकाही मी या वहीत घेत नाही. 'पाणी'चा 'पाणि' मोठी शिकलेली माणसंही करतात, कारण कानाला फरक ऐकूच येत नाही. आणि पहिलीत उलटसुलट अक्षरं सगळीच मुलं काढतात.

धरायची चूक वेगळी असते. तोंडाने 'घर' नीट म्हणतो आणि लिहितो 'धर'. एकाच पानावर एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहितो. अक्षरांची जागा बदलतो. काल आलेलं अक्षर आज कोरं. दुसरी संपत आली, जादा शिकवून झालं, तरी हे चालूच. शिवाय अडचण एका भाषेपुरती राहत नाही, मराठीतही दिसते आणि इंग्रजीतही. घरच्या भाषेत मात्र तेच मूल झकास गोष्ट सांगतं.

खात्री करायला मी तीन छोट्या गोष्टी करते. पहिली, धडा मीच मोठ्याने वाचून दाखवते आणि प्रश्न विचारते. ऐकून सगळी उत्तरं देणारं मूल तोच धडा स्वतः वाचून एकही उत्तर देऊ शकत नसेल, तर ती दरी वहीत लिहायची. दुसरी, पाठ नसलेला मजकूर देते, चित्राशिवाय, आणि एक मिनिट घड्याळ लावते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरी अखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य दिलं आहे. तो आकडा मी मुलाच्या डोक्यावर धरत नाही, पण वर्गातली बाकीची मुलं ३०-४० वर असताना एखादं मूल ८ वर अडलं असेल तर ते कागदावर यायला हवं. तिसरी म्हणजे आवाजाचा खेळ, पुस्तक-पाटी काही नको. ''पावसाळा'तला पाव खाल्ला, काय उरलं?' मुलं हसत हसत 'साळा' म्हणून ओरडतात. सोमू ओरडायचा नाही, शेजाऱ्याच्या ओठांकडे बघायचा. शब्दाचे तुकडे करणं आणि जोडणं कानालाच जमत नसेल तर डोळ्यांना अक्षरं कशी जुळवता येणार?

वागण्याकडेही लक्ष ठेवा. वाचनाचा तास आला की पोट दुखतं, पाणी प्यायला जायचं असतं, पेन्सिलचं टोक मोडतं. फळ्यावरचं उतरवताना एकेका अक्षराला मान वर होते. हे मुलगे करतात म्हणून ते सापडतात. मुली सुटतात. गप्प बसून शेजारणीच्या वहीतून सुंदर अक्षरात सगळं उतरवणारी मुलगी तीन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. सुंदर अक्षर म्हणजे वाचता येतं असं धरून चालू नका. तिला तिच्याच वहीतलं वाचायला सांगा.

यापुढे जाण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. आरोग्य केंद्राचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून देते. एका मुलीला मी अध्ययन अक्षमता समजून दोन महिने वेगळं शिकवलं, आणि तिच्या कानात वारंवार पू होत होता. औषध झालं आणि सहा महिन्यांत ती मार्गी लागली.

मग पालकांशी बोलणं. पालकसभेत कधीही नाही. एकट्यांना बोलवावं, बसायला द्यावं आणि सुरुवात मुलाला काय येतं तिथून करावी. सोमूची आई पदराला हात पुसत आली होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, 'टीचर, ताका सगळें येता, फकत बरोवंक येना.' (त्याला सगळं येतं, फक्त लिहायला येत नाही.) मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे, बघा. 'अपंग', 'मंद' हे शब्द मी वापरत नाही, आणि 'डिस्लेक्सिया आहे' असंही सांगत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हे. मी एवढंच सांगते की इथे इथे अडतं, मी अमुक करते आहे आणि तपासणी करून घेऊया. हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं, म्हणून वडिलांना हळूच विचारते की तुम्हाला शाळेत वाचायला कसं जायचं. सोमूचे वडील बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले, मग म्हणाले, 'चौथीत सोडली. अक्षरं हलायची.'

तपासणीचा रस्ता असा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. शाळेत प्राथमिक चाळणीसाठी एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आणि पुस्तिका आहे, त्यातले प्रश्न वर्गशिक्षकाने भरायचे असतात. वही हाताशी असली की ते अर्ध्या तासात भरून होतात, नसली की आपण अंदाजाने खुणा करतो. त्यानंतर मुख्याध्यापकांमार्फत बीआरसीतल्या (तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना कळवावं. वैद्यकीय तपासणीत आधी बालरोगतज्ज्ञ बघतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंकाची चाचणी घेतात आणि शेवटी बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बनवलेली अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर, म्हणजे तिसरीच्या सुमाराला मिळतं. पण मदत प्रमाणपत्रासाठी थांबत नाही. दुसरीत अडलेल्या मुलाला तिसरीपर्यंत ताटकळत ठेवायला कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही.

आता शिकवण्याविषयी. माझ्याकडे यासाठी रोज १५ मिनिटं असतात, माध्यान्ह आहाराच्या आधीची. भाजी-पावाचा वास यायच्या आत काम उरकावं लागतं. बाकीची मुलं तेव्हा चित्र काढतात किंवा मोठी मुलं लहानांचे पाढे घेतात. १५ मिनिटं थोडी वाटतात. पण रोजची १५ मिनिटं आठवड्यातून एकदाच्या दीड तासापेक्षा कितीतरी कामाची.

साहित्य म्हणजे स्टीलचं ताट आणि त्यात म्हादईकाठची चाळलेली रेती. मूल बोटाने अक्षर काढतं आणि काढता काढता त्याचा आवाज मोठ्याने म्हणतं. बोट, डोळा, कान आणि तोंड एकाच वेळी कामाला लागतात. नुसतं बघून जे राहत नाही ते हातातून राहतं. सोमूचा 'घ' आणि 'ध' सुटत नव्हता. मी चूक केली होती ती ही की दोन्ही शेजारी शेजारी लिहून 'बघ, फरक बघ' म्हणत होते. त्याने गोंधळ पक्का झाला. मग 'ध' पूर्ण बाजूला ठेवला. तीन आठवडे फक्त घुमटाचा 'घ'. तो डोळे मिटून काढता यायला लागला, तेव्हा धालोचा (आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याचा) 'ध' आणला.

आणि तेव्हाच मला एक गोष्ट दिसली, ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. मुलं ज्या जोड्यांत गोंधळतात त्या घ-ध, म-भ, य-थ या आहेत. फळ्यावर नीट लिहून बघा. घ, म, य यांच्या डोक्यावरची रेघ सलग आहे. ध, भ, थ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली आहे आणि तिथे छोटी गाठ आहे. मी मुलांना सांगते की घ, म, य यांनी टोपी घातली आहे आणि ध, भ, थ यांचं डोकं उघडं आहे. एकाच खुणेत तिन्ही जोड्या सुटतात. सोमू 'भाकरी' लिहिण्याआधी स्वतःशी पुटपुटायचा, 'टोपी नाही, टोपी नाही,' आणि मगच वरची रेघ मारायचा.

पहिल्या वेलांटीचं दुखणं वेगळं आहे. 'दि' म्हणताना 'द' आधी आणि इकार नंतर येतो, पण कागदावर वेलांटी 'द'च्या आधी बसते. आपल्याला सवयीने हे जाणवत नाही. ज्या मुलाला क्रम लावणंच कठीण, त्याच्यासाठी हा मोठा अन्याय आहे. मी बिस्किटांच्या खोक्यांचे तुकडे कापून अक्षरं पांढऱ्यावर आणि काना-मात्रा-वेलांट्या लाल तुकड्यांवर लिहिल्या आहेत. मूल आधी 'द' ठेवतं आणि 'द्' म्हणतं. मग 'इ' म्हणत लाल वेलांटी उजव्या हाताने उचलून 'द'च्या वरून फिरवून डावीकडे ठेवतं. हा हाताचा फेरा महत्त्वाचा आहे. दोन आठवड्यांनी सोमूचा 'दवि' 'दिवा' झाला. लिहिताना त्याचा हात हवेत तो फेरा घ्यायचा, मी बघायची. जोडाक्षराला मी कात्री वापरते. 'पुस्तक'मधल्या 'स'च्या तुकड्याचा उभा दांडा मुलाकडूनच कापून घेते आणि उरलेला 'स्' 'त'ला चिकटवायला सांगते. कापलेलं अक्षर विसरत नाही. रफार सगळ्यात शेवटी, घाई नको.

बाराखडी एका दमात घोकून घेऊ नका. अशी मुलं ती गाण्यासारखी पाठ करतात आणि मधलं एक अक्षर विचारलं की पहिल्यापासून सुरू करतात. चार-पाच अक्षरं घ्या, त्यांचेच शब्द बनवा, त्या शब्दांचीच दोन वाक्यं. ती पक्की झाली की पुढची. सोमूसाठी मी घुमटाचा उपयोग केला. शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक थाप: ना-र-ळ, तीन थापा. जे कानाला जमत नव्हतं ते हाताला आधीच येत होतं.

'चुकलेला शब्द दहा वेळा लिही' ही शिक्षा कृपा करून बंद करा. अशा मुलाची वही उघडून बघा. पहिला शब्द बरोबर असतो, चौथ्यात अक्षर बदलतं, मग खालचे सहा त्याची नक्कल. आपण त्याच्याकडून चूक सात वेळा गिरवून घेतलेली असते. दहाऐवजी तीन शब्द द्या आणि समोर बसा. वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा ते आज सांगा. पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून द्या, म्हणजे बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी घ्या. पाऊस कसा पडतो हे ज्याला सांगता येतं त्याला ते येतं, लिहिता आलं नाही तरी.

गणिताचं थोडं बोलते. मूल 'त्रेसष्ठ' ऐकून ३६ लिहितं, तेव्हा लगेच आकड्यांची अक्षमता म्हणू नका. मराठीत आपण तीन आधी बोलतो आणि साठ नंतर, लिहितो मात्र उलट. 'एकोणपन्नास'मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे असतात ४९. मी माडाच्या झावळीचे हीर घेते, दहा-दहाच्या जुड्या बांधते. त्रेसष्ठ म्हटलं की सहा जुड्या डावीकडे, तीन हीर उजवीकडे, मग खाली आकडा. 'साठ आणि तीन' असंही म्हणून घेते. बहुतेक मुलांचं यात सुटतं. तरीही ज्याला समोरच्या चार काजूबिया न मोजता चार आहेत हे कळत नाही, सात मोठे की नऊ हे बोटांवर मोजावं लागतं, त्याचं नाव वहीत घ्या. पाढे पाठ होत नसतील तर पाढ्यांचा तक्ता समोर राहू द्या. त्याला गणित करू द्या.

शेवटची गोष्ट पाचवीची. आमच्याकडून चौथी झालेली बहुतेक मुलं पाचवीला हायस्कुलात जातात आणि तिथे गणित-विज्ञानही इंग्रजीत सुरू होतं. मराठीत जसं लिहिलं तसंच बहुतेक वाचलं जातं, त्यामुळे मूल हळू का होईना तग धरतं. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार आवाज. चौथीपर्यंत कसंबसं सावरलेलं मूल तिथे कोसळतं, आणि नव्या शिक्षकांना वाटतं की प्राथमिक शाळेने काही शिकवलंच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची सगळी कागदपत्रं मी हायस्कुलात पोचवली होती. सहा महिन्यांनी चौकशीला गेले तर पाकीट कपाटात होतं, न फोडलेलं, आणि मुलगी शेवटच्या बाकावर. त्यानंतर मी पाकीट देत नाही. वर्गशिक्षकांची वेळ घेते, पालकांना बरोबर नेते आणि वही उघडून दाखवते. दहावीला गोवा बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठीची कागदपत्रं नववीत धावपळ करून होत नाहीत. ती वाट तिसरी-चौथीतच धरावी, हेही तेव्हाच सांगते.

वहीच्या आधी एक पान जोडते, मुलाने सांगितलेलं आणि मी लिहिलेलं. सोमूचं पान असं होतं: 'मला घुमट येतं. मला ऐकलेलं लक्षात राहतं. मला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, पुसू नका. मोठ्याने वाचायला सांगणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. माझा घ आणि ध आता चुकत नाही.' 'भ पण लिहा,' असं तो म्हणाला म्हणून शेवटच्या ओळीत भ घातला.